दुसऱ्या गुडघ्यासाठी आलेली बाई

त्या पौर्णिमेला औंधच्या यमाईच्या डोंगरावरून मी बसून उतरले. एका पायरीवरून दुसरीवर, लहान मूल उतरतं तशी. निम्म्या वाटेवर उजव्या गुडघ्यानं असा दगा दिला की वर जाववेना आणि उभ्यानं खाली येववेना. ओळखीची माणसं शेजारून जात होती. त्यांतल्या दोघी माझ्याच जुन्या विद्यार्थिनी, आता स्वतः लेकुरवाळ्या झालेल्या. त्या हात द्यायला आल्या, पण त्यांच्यासमोर रडू कोसळेल या भीतीनं मी त्यांना पुढं पाठवून दिलं. दर्शन झालंच नाही. वडूजला घरी आले, ओटीचं सामान पिशवीत तसंच राहिलं, आणि खरं सांगते, मी देवीवर रुसले. प्राथमिक शाळेत तीस वर्षं उभं राहून शिकवलं, संसार केला, पण तिची पौर्णिमा कधी चुकवली नव्हती. मनात आलं, मी येत जावं एवढंच तर तुझं मागणं होतं. मग पायच का काढून घेतलास?

गुडघा काही एका दिवसात बिघडला नव्हता. तेलं झाली, पट्टे झाले, रुईच्या पानांचे शेक झाले, साताऱ्याला जाऊन सांध्यात इंजेक्शनंही घेतली. चार महिने बरं वाटायचं आणि पुन्हा तेच. पाय आता बाहेरच्या बाजूला वाकला होता. आमचे हे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना टाळाटाळ सोसत नाही. ते म्हणायचे, गुडघा बदलून टाकू, एकदाचं मोकळं होऊ. मी विषय बदलायची. आमच्या गल्लीतल्या एका बाईंचं असंच ऑपरेशन झालं होतं आणि त्या अजून भिंतीला धरूनच चालतात, ही एक भीती होती. दुसरी भीती मी कुणाला सांगितली नव्हती, कारण ती सांगताना मलाच पोरकट वाटायची. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की नव्या गुडघ्यानं जमिनीवर मांडी घालून बसता येणार नाही. यमाई गाभाऱ्यात मांडी घालून बसलेली आहे, आणि लग्न होऊन आल्यापासून मी तिच्यासमोर तशीच बसत आले. घरातली रोजची पूजाही पाटावर बसूनच. मला वाटायचं, चालता आलं नाही तरी चालेल, पण तिच्यासमोर खुर्ची टाकून बसणं हा उद्धटपणा माझ्याच्यानं होणार नाही.

शेवटी यांच्या आग्रहाखातर मिरजेच्या एका दवाखान्यात दाखवायला गेले. मनातून ठरलं होतं: डॉक्टर काय म्हणतील ते ऐकायचं आणि नको म्हणून परत यायचं. सकाळपासून बाकावर बसून होतो. हे कागद करायला खिडकीपाशी गेले आणि त्यांच्या जागेवर एक बाई येऊन बसल्या. वय माझ्याएवढंच, साठीच्या पुढं. अंगानं काटक, हातावर बारीक बारीक चिरा पडलेल्या, मांडीवर एक्सरेची मोठी पिशवी. त्यांनी विचारलं, कुठला गुडघा? मी उजव्याकडं बोट दाखवलं आणि त्यांना तेच विचारलं. त्या म्हणाल्या, "उजवा झालाय. दीड वरीस झालं. आता डावा करायला आलीया."

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. आजवर मला गुडघा बदललेली माणसं सांगोवांगी भेटली होती. कुणाच्या तरी चुलत्याचं उत्तम झालं, कुणाच्या तरी मावशीचं बिघडलं. पण एकदा ते सोसून दुसऱ्यांदा आपल्या पायानं दवाखान्यात आलेलं माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. मी विचारलं, दुखलं का हो?

"लय दुखलं. खोटं कशाला सांगू, ताई?"

"मग परत कशा आलात?"

"दुखलं त्ये महिना-दोन महिने. चालतीया त्ये रोज."

एवढं बोलून त्या उठल्या आणि मला दाखवायला म्हणून त्या लांब व्हरांड्यात एक फेरी मारून आल्या. डावा पाय लंगडत होता, उजवा सरळ पडत होता. एकाच बाईच्या अंगावर माझं आजचं दुखणं आणि उद्याचं चालणं शेजारी शेजारी दिसलं. कौल मागायला मी कितीदा देवीपुढं हात जोडून बसले होते, पण असा उघड कौल मला कधी मिळाला नव्हता.

त्यांचं नाव सुमनताई, तासगावच्या. नवरा लवकर गेलेला. बावीस वर्षं त्या बेदाण्याच्या शेडमध्ये निवडायचं काम करत होत्या, तेही जमिनीवर उकिडवं बसून, दिवसचे दिवस. दोन्ही गुडघे तिथंच झिजले. पहिलं ऑपरेशन झाल्यावर कामावरून काढतील अशी त्यांना धास्ती होती. त्यांनी मालकाला जाऊन सांगितलं की मला उंच टेबल द्या, उभ्यानं निवडते, आणि माल कमी भरला तर खुशाल घरी पाठवा. माल कमी भरला नाही. पुढं मालकानं सगळ्याच बायकांसाठी टेबलं आणि बाकं करून घेतली. हे सगळं त्यांनी भाजीला मीठ किती घातलं ते सांगावं तितक्या सहज सांगितलं.

बोलता बोलता मी माझी ती पोरकट भीतीही त्यांना सांगून टाकली. नवऱ्याला सांगितली नव्हती ती गोष्ट मी एका अनोळखी बाईला तासाभरात का सांगितली, ते मला आजही कळत नाही. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आमी बुद्धाला मानणारी माणसं. रोज सकाळी वंदना म्हणते. पैल्यांदा खुर्चीत बसून म्हणताना मलाबी चुकल्यासारखं वाटलं. मग ध्यानात आलं, मन बसलं म्हंजे झालं. मांडी घालून बसत हुते तवा तरी कुठं रोज बसत हुतं त्ये?"

पाटावर बसून मी कितीदा देवीसमोर दुधाचा आणि सुनेच्या फोनचा विचार केला होता, ते माझं मलाच माहीत. आत गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं तेव्हा हे माझ्याकडं पाहू लागले, मी नाही म्हणणार म्हणून. मी म्हटलं, तारीख द्या. योगायोग म्हणा किंवा आणखी काही, आम्हा दोघींना एकाच दिवसाची तारीख मिळाली आणि वॉर्डात शेजारच्या खाटा.

ऑपरेशनचं फारसं आठवत नाही. कमरेत सुई दिली आणि पायांचं भान गेलं. पडद्यापलीकडं कुणी सुतारकाम करत असावं असे आवाज येत होते, आणि मी आईचं नाव घेत पडून होते. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सुरू झाली. व्यायाम घेणाऱ्या मॅडम आल्या, वॉकर धरून उभं केलं, मग गुडघा वाकवायला लागल्या. मी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी ओरडले. शेजारी सुमनताईंचाही पाय वाकवत होते. त्या डोळे मिटून लांब श्वास सोडत होत्या, कपाळावर घाम होता, पण पाय मॅडमच्या हातात होता. मला तेव्हा त्यांचा थोडा रागच आला. पाचव्या दिवशी सोडताना त्यांनी यांच्याकडून आमचा पत्ता आणि नंबर लिहून घेतला.

घरी आले आणि मी हरले. व्यायामाची वेळ झाली की मी पांघरूण ओढून घ्यायची. थोडासा वाकवला की आत काहीतरी फाटतंय असं वाटायचं. हे फौजी माणूस, पण माझ्या डोळ्यांत पाणी दिसलं की तेच म्हणायचे, राहू दे आज. असे 'आज' साठत गेले. टाके निघाले, जखम सुंदर भरली, पण गुडघा लाकडासारखा ताठ राहिला. पाच आठवड्यांनी दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टर गंभीर झाले. काटकोनापर्यंत वाकायला हवा होता, त्याच्या जवळपासही नव्हता. तीन आठवडे देतो, म्हणाले, नाहीतर भूल देऊन वाकवावा लागेल. घरी येऊन देव्हाऱ्यासमोर खुर्चीत बसले आणि यमाईच्या तसबिरीला म्हटलं, मी तुझा कौल मानून पाय कापायला दिला. आता पुढचं मला जमत नाही. तू बघ.

ही प्रार्थना नव्हती, कंटाळा होता. पण त्याच दुपारी फोन वाजला. दवाखान्यातून गेल्यापासून सुमनताईंचा फोन आला नव्हता, तो आज आला. त्यांनी विचारलं, किती वाकतोय? मी म्हटलं, ठीक आहे, बराच वाकतो. मग त्या एवढंच म्हणाल्या की उद्या घरी हायसा न्हवं? आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास दारात रिक्षा थांबली. हातात काठी, खांद्याला पिशवी, अशा सुमनताई उतरल्या. त्यांचंही ऑपरेशन माझ्याच दिवशीचं, त्यांचाही पाय माझ्याइतकाच नवा. तासगावहून विट्याला आणि विट्याहून वडूजला, अशा दोन यष्ट्या बदलून त्या एकट्या आल्या होत्या. हे धावत गेले, पण पायरी त्यांनी स्वतःच चढली. मी त्यांच्याकडं बघत होते आणि मला माझी लाज वाटत होती. त्यांनी ती वाटू दिली नाही. पाणी प्यायल्या, सुनबाई कुठं असते म्हणून विचारलं, पुण्याला म्हटल्यावर मान हलवली. मग माझ्या खाटेच्या पायथ्याशी स्टूल ओढून बसल्या आणि माझी टाच आपल्या तळहातावर घेतली. तो तळहात खरखरीत आणि ऊबदार होता.

त्यांनी हलकेच दाबलं. माझी मांडी दगडासारखी झाली. त्या थांबल्या.

"ताई, गुडगा वाकत न्हाई असं न्हाई. तुमी पाय धरून ठेवलाय."

"मी कुठं धरलाय? तो तर तुमच्या हातात आहे."

"टाच माझ्या हातात हाय. पाय आजून तुमच्यापाशीच हाय. मी मोडायची न्हाई त्यो. द्या मला."

ते 'द्या मला' मी कधीच विसरणार नाही. त्यात जोर नव्हता, गोंजारणंही नव्हतं. मला एकदम उमगलं की आयुष्यभर मी देवीला नारळ दिला, खण दिला, पौर्णिमा दिल्या, पण ज्याची भीती वाटते ते कधी दिलंच नाही. ते घट्ट मुठीत ठेवून वर तिच्याकडंच तक्रार करत राहिले. मी डोळे मिटले. मनात म्हटलं, आई, हा पाय तुझा. मोडलास तर मोड. श्वास सोडला आणि मांडी सैल पडली. दुखलं, फार दुखलं, पण त्या दुखण्याशी मी भांडत नव्हते. डोळे उघडले तेव्हा हे भिंतीला टेकून रडत होते. गुडघा त्या दुपारी काटकोनापर्यंत आला नाही, पण पाच आठवड्यांत गेला नव्हता तितका पुढं गेला होता.

सुमनताई चार दिवस राहिल्या. सकाळ, दुपार, संध्याकाळ. आधी माझा पाय, मग शेजारी बसून स्वतःचा, मोठ्यानं आकडे मोजत. पहाटे त्यांची वंदना चालायची, पाठोपाठ माझी आरती, दोघी खुर्चीत. चौथ्या दिवशी मी वॉकर ठेवून काठीवर अंगणात गेले. हे म्हणाले, असा उस्ताद आम्हाला पलटणीत मिळाला असता तर मी कॅप्टन होऊनच घरी आलो असतो. त्या गेल्यानंतर रोज चार वाजता त्यांचा फोन यायचा आणि आम्ही दोघी फोनवर मिळून मोजायचो. तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी गुडघा मोजला आणि भूल द्यायची गरज नाही म्हणाले. यमाईच्या डोंगरावरही पुढं जाऊन आले, गाडीनं. त्यात सांगण्यासारखं विशेष काही नाही.

पण त्याहून मोठं दर्शन मला तासगावात झालं, असं मी मानते. द्राक्षांचा हंगाम संपून बेदाणा सुरू झाला तेव्हा मी आणि हे त्यांना भेटायला गेलो. शेडमध्ये उंच टेबलांच्या रांगा, दोन्ही बाजूंना बायका, आणि मधोमध सुमनताई दोन नव्या गुडघ्यांवर ताठ उभ्या. बोलताना माझ्याकडं बघत होत्या, पण बोटं हिरव्या बेदाण्यातून काळा दाणा अचूक उचलत होती. किती जणींचे गुडघे या एका बाईनं वाचवले असतील, असं मनात आलं. मी त्यांना नेसवायला साडी नेली होती. ती देताना मला राहवलं नाही. मी म्हटलं, "तुम्ही मानत नाही, मला माहीत आहे. पण तुम्हाला माझ्या यमाईनं पाठवलं, असंच मी समजते. राग मानू नका."

त्यांनी पदराला हात पुसले, साडी घेतली आणि शांतपणे म्हणाल्या, "कुणी का धाडंना, ताई. मला यायला आलं, ह्येच लय झालं."

मी यावर पुष्कळ विचार केला. कुणी पाठवलं हे ठरवायची घाई मलाच होती. त्या मात्र येऊन, काम करून मोकळ्या झाल्या होत्या. शरण जाणं म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणं, असं मी समजत आले. आता वाटतं, ते रोज थोडं थोडं करावं लागणारं काम आहे, आणि ते करताना दुखतं. टाच कुणाच्या तरी तळहातावर ठेवायची, आणि मग पायही द्यायचा. माझा पाय ज्यांनी मागून घेतला, त्यांचे उपकार या जन्मी फिटणार नाहीत, आणि ते फिटावेत अशी माझी इच्छाही नाही.