डोमाजींनी सोडलेली जागा

हिंगणीचे डोमाजी सेलूच्या जिनिंगमध्ये कापूस वाहायचे. मालकापुढे मजुरांचं गाऱ्हाणं मांडायचं तर तेच पुढे होत. म्हणून बावन्नच्या निवडणुकीत पक्षाने त्यांना अनुसूचित जातींच्या राखीव जागेवर उभं केलं, आणि ते निवडून आले.

नागपूरच्या विधानसभेत पहिलं अधिवेशन ते नुसते ऐकत बसले. दुसऱ्यात उठले. वस्तीतल्या बाया पाटलाच्या विहिरीशी घागर घेऊन, कोणी वरून पाणी ओतेल म्हणून उन्हात उभ्या राहतात, एवढंच त्यांनी सांगितलं. पुढच्या उन्हाळ्याआधी वस्तीत विहीर खोदली गेली. मग ते वस्तीच्या शाळेसाठी बोलत राहिले.

छप्पनच्या दसऱ्याला ते आणि त्यांची बायको भागीरथा नागपूरला जाऊन बौद्ध झाले. परतल्यावर भागीरथेने घरातले देव ओच्यात घेतले आणि बोर नदीत सोडले.

थोड्याच महिन्यांत पुन्हा निवडणूक आली. राखीव जागेसाठी हिंदू असल्याचं लिहून द्यावं लागे. बौद्धांना ती जागा नव्हती. पक्षाचे महादेवराव वर्ध्याहून समजावायला आले.

"डोमाजी, एक ओळ तं लिहाची हाय," ते म्हणाले. "घरात तुमी कोनाले पुजता, हे पाहाले कोन येऊन राह्यलं?"

डोमाजींना जागा हवी होती. शाळा अजून व्हायची होती. महादेवराव मनाने वाईट नाहीत, हेही ते जाणून होते. चहा घेऊन आलेली भागीरथा दारातच थांबली.

"देव म्या नदीत सोडले," ती नवऱ्याला म्हणाली. "आता त्याईले कागदावर कसे आनता?"

डोमाजींनी महादेवरावांना नाही म्हणून सांगितलं.

ती जागा वस्तीतल्याच, दीक्षा न घेतलेल्या नत्थूला मिळाली. निवडून आल्यावर तो पाया पडायला आला, तेव्हा शाळेचं काम कुठे अडलंय ते डोमाजींनी त्याला नीट समजावलं. स्वतः ते पुन्हा जिनिंगमध्ये लागले. माजी आमदाराकडून ओझी वाहून घ्यायला ओशाळलेला तिथला मुनीम हलकं काम देऊ लागला, ते त्यांनी घेतलं नाही.

एकोणसाठमध्ये शाळा झाली. दगडावर नत्थूचं नाव कोरलं गेलं. त्या संध्याकाळी जेवता जेवता डोमाजींचा हात थांबला.

"नागपूरची सभा आठवते मले," ते म्हणाले. "तिथं मानसं आपलं बोलनं लिहून घेत."

भागीरथेने अर्धी भाकर वाढली, आणि ते खाली मान घालून जेवू लागले.