श्वास सोडून थांबा

थोरल्या नातीला जुळं झालं त्या वर्षीची ही गोष्ट. घरात दोन पाळणे हलत होते आणि माझा डोळा लागत नव्हता. छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं. डॉक्टरांनी सगळं तपासलं. म्हणाले, "आजोबा, काळीज ठणठणीत आहे. श्वासाचे व्यायाम शिका, मन सैल होईल." म्हणून मी रोज सकाळी समाजमंदिरात सतरंजीवर बसू लागलो.

शिकवणाऱ्या केतकी मॅडम माझ्या नातीच्या वयाच्या. त्या म्हणायच्या, "श्वास पूर्ण सोडा. आता थांबा. लगेच घेऊ नका." मला तेवढंच जमायचं नाही. चाळीस वर्षं मी लग्नाकार्यात अण्णाच्या, म्हणजे थोरल्या भावाच्या, सनईमागं सूर धरला. सूर म्हणजे सनईसारखंच वाद्य, पण त्याचा एकच स्वर, लांबच लांब. सनईवाला दम घ्यायला थांबतो. सूरवाल्यानं थांबायचं नसतं. गालातली हवा तोंडानं सोडता सोडता नाकानं नवी ओढायची. त्यामुळं माझं नाक आपोआप ओढतं. मॅडम बोट दाखवायच्या, "आजोबा, चोरून घेतलात!" शेजारी बसणारे निवृत्त कंडक्टर माने म्हणायचे, "विनातिकीट आहेत, उतरवा त्यांना."

अण्णा लग्नात वाजवता वाजवताच गेला. सनई थांबली तेव्हा मला वाटलं, दम घेतोय. माझे डोळे मिटलेले. मी सूर धरून राहिलो. कुणीतरी खांदा हलवला तेव्हा डोळे उघडले. त्यानं मला हाक मारली होती का, आणि ती माझ्याच सुरात बुडाली का, हे मला कुणी सांगू शकलं नाही. तेवढंच त्याला विचारायचं राहिलं होतं.

वर्ग संपताना मॅडम सगळ्यांना उताणं निजवतात. "पायांची बोटं सैल सोडा. गुडघे सैल." खिडकीतलं ऊन माझ्या पोटावर आलं आहे. पंखा कुरकुरतो. मॅडमचा आवाज लांब लांब जातो.

कुणीतरी पायानं माझा पाय हलवतं. "सिद्या, ऊठ की. वऱ्हाड पारापाशी आलं."

अण्णा आहे. डोक्याला गुलाबी फेटा. माने कुठं दिसत नाहीत. समाजमंदिराच्या फरशीवर गुडघाभर बाजरी उभी आहे आणि आम्ही तिच्यातून चाललो आहोत; अण्णा पुढं, मी मागं.

"हितं उताणा पडून काय करत हुतास?"

"श्वास घ्यायला शिकतोय."

अण्णा वळून हसतो. "ह्या वयात? मग इतकी वरसं काय घेत हुतास?"

"मॅडम म्हणत्यात, सोडायचा आणि थांबायचं."

"थांबून काय करायचं?"

"काय न्हाई. नुसतं थांबायचं."

"मग लेका, तुझं अवघड हाय."

"अण्णा, एक इचारायचं हाय."

"मागनं इचार. अक्षता पडायला आल्या." तो सूर माझ्या हातात देतो.

बाजरीच्या जागी मांडव आहे. सगळी माणसं पाठमोरी. अण्णा सनई ओठाला लावतो, मी सूर धरतो. गाल भरतात, नाक ओढतं, छातीवरचं ओझं उतरतं. ह्या खेपेला मी डोळे मिटत नाही.

म्हणून मला दिसतं. माझा सूर जरा बारीक झाला की अण्णाच्या फेट्याचा रंग उडतो, त्याच्या सदऱ्यातून मागचा खांब दिसतो. मी दम भरला की तो परत भरून येतो. मी वाजवतोय तोवर तो आहे. पण तोंडात सूर असताना विचारणार कसं?

अण्णा सनई खाली घेतो. "काय रं? इचारणार हुतास न्हवं?"

सूर तोंडातच धरून मी मान हलवतो.

"ल्हानपणापासनं असाच. तोंड शिवल्यागत."

मांडवाचा खांब आता एस.टी. स्टँडचा खांब आहे. आम्ही बाकावर बसलो आहोत. अण्णाच्या मांडीवर पिशवी आहे. "माझी गाडी लागली बघ. बोल लवकर."

सूर सोडला तर हा जाईल. नाही सोडला तर गाडी त्याला घेऊन जाईल. माझे गाल दुखू लागतात, डोळ्यांतून पाणी येतं. अण्णा पिशवी उचलतो.

लांबून मॅडमचा आवाज येतो, "श्वास पूर्ण सोडा. आता थांबा."

मी तोंडातला सूर काढतो. "अण्णा, तू मला हाक मारली हुतीस का?"

सगळं गप्प होतं. अण्णाचे ओठ हलतात. तो बोलतो आहे, हातवारे करून चांगलं लांबलचक बोलतो आहे, आणि मला एक शब्द ऐकू येत नाही. मी थांबायचा प्रयत्न करतो. माझं नाक आत ओढतं.

"आजोबा, हळूच कुशीवर वळा आणि उठा."

मी उठून बसतो. माने पाण्याची बाटली पुढं करतात आणि माझ्याकडं बघत राहतात. "ओठाला काय लागलं तुमच्या?"

मी बोट लावतो. खालच्या ओठाच्या मधोमध खाच पडली आहे, ओठांत धरायच्या सुराच्या पत्तीएवढी रुंद. हुळहुळते आहे. "दात लागला असेल," माने म्हणतात. माझे पुढचे दात पडून सहा वर्षं झाली. सूर तर मी अण्णाच्या चितेवर ठेवला होता.

खाच संध्याकाळपर्यंत होती.

माझा थोरला भाऊ ज्ञानू बाबू ऐवळे जुळं झालं त्याच वर्षी चैत्र वद्य सप्तमीला, दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी वारला. ऐन अक्षतांच्या मुहूर्तावर गेला, म्हणून वेळ लग्नपत्रिकेत छापलेली आहे. म्हातारपणी अक्षरं शिकलो, म्हणून ती मला वाचता येते. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होतो.