जाळं कापणारे दर्याभाई

दर्याभाई हातांनी बोलत. कारखान्यात प्रेसची धडधड चालू झाली की आम्ही एकमेकांच्या कानाशी ओरडून घसा बसवून घ्यायचो. हे मात्र लांबून दोन बोटं हलवायचे आणि त्यांचं काम व्हायचं. एकाच खुणेने घात केला. अंगठा वर केला, की त्यांच्या लेखी त्याचा अर्थ 'चला वर', म्हणजे काम थांबवून निघू या. जेवणाची सुट्टी झाल्यावर त्यांनी तो नव्या फोरमनला केला. फोरमनला वाटलं, हा आपल्याला अंगठा दाखवतोय! सगळ्यांदेखत त्याने त्यांना झापलं. दर्याभाई शांतपणे म्हणाले, "साहेब, पाण्याखाली तोंड उघडता येत नाही. तिथली सवय आहे." पिंपरीच्या कारखान्यात पाण्याखालची सवय कुठून आली, हे फोरमनला कोण सांगणार?

त्यांचं खरं नाव दाऊद. कोकणातल्या एका खाडीकाठचे, पिढीजात मासेमारी करणाऱ्या मुसलमान घरातले. पिंपरीत तेव्हा कारखाने नुकते उभे राहत होते. चिंचवडला तात्या नावाच्या शेतकऱ्याने गोठ्याशेजारी खोल्या बांधल्या होत्या. एकीत मी आणि माझी बायको, सोलापूरकडची माणसं. शेजारच्या खोलीत हे एकटेच. समुद्राकाठचा माणूस इथे बाजरीच्या शेतात कशाला येऊन राहिला, हे कोडं आम्हाला एका रविवारी अंगणात उलगडलं.

तरुणपणी ते लक्षद्वीपकडे जाणाऱ्या एका लाँचवर कामाला होते. समुद्राचा अभ्यास करणारी काही माणसं त्या लाँचवरून फिरत. पाठीला हवेची नळकांडी बांधून ती खाली उतरायची. एकदा त्यांच्यातला एक जण तापाने आडवा झाला. सोबतीला कुणीतरी हवं होतं, म्हणून त्यांनी दर्याभाईंना चार दिवस उथळ पाण्यात शिकवून मग खोल पाण्यात नेलं.

"पाठीवर हवा?" तात्यांनी चिलीम बाजूला ठेवली. "हवा काय पोत्यात भरत्यात व्हय?"

"लोखंडात भरतात, तात्या. तोंडात नळी धरायची नि सावकाश श्वास घ्यायचा. घाई केली की संपलं."

खाली एका खडकापाशी ते गुडघे टेकून बसले. वरचा उजेड एकदम झाकोळला. मान वर करून पाहिलं, तर डोक्यावरून एक प्रचंड पाकट, म्हणजे पंखांसारखे कल्ले हलवत पोहणारा चपटा मासा, चालला होता. पंख आमच्या खोलीहून रुंद, पोट पांढरंशुभ्र. मागून दुसरा आला, तिसरा आला. खडकाशी येऊन ते जागच्या जागी तरंगत राहिले. बारीक मासे पुढे झाले आणि त्यांचं अंग साफ करू लागले.

"न्हाव्यापुढे बसल्यासारखे हो!" दर्याभाई म्हणाले. "आपली पाळी येईपर्यंत बाकीचे थांबलेले."

माझ्या बायकोने विचारलं, "एवढं मोठं धूड, माणसाला खात नाही?"

"नाही, वहिनी. तोंड उघडून पोहतो आणि पाण्यातलं बारीक काही गाळून घेतो. तुम्ही पीठ चाळता ना, तसं." मग म्हणाले, "जाताना एकाने मला पाहिलं. हातभर अंतरावरून. जन्मभर मी मासे पाहिले ते जाळ्यात तडफडताना. मासा आपल्याकडे पाहतो, हे मला ठाऊकच नव्हतं."

गावी परतल्यावर वर्षभरात थोरल्या भावाच्या, कासमभाईंच्या, नव्या जाळ्यात तसाच एक पाकट अडकला. दर्याभाईंनी सुरी काढली आणि जाळं कापून त्याला सोडून दिलं. कासमभाई म्हणाले, "जाळं कापणारा माणूस मला होडीत नको." दर्याभाईंनी होडी सोडली, पाठोपाठ गावही सोडलं.

याचा अर्थ ते मासे खात नव्हते असा नाही. सुके बोंबील भाजले की तात्या गोठ्यातून ओरडायचे, "अरं, ह्या वासानं म्हशी दूध द्यायच्या न्हाईत!" दर्याभाई हसून म्हणायचे, "मी काही साधू नाही, तात्या. भूक मलाही आहे. फक्त ते एक जनावर माझ्याने मारवत नाही." त्यावर सोवळं-ओवळं पाळणारी माझी बायको मान हलवायची. पुढे पुढे तर त्यांच्या बोंबलांसाठी तीच तव्यावर भाकरी टाकू लागली.

मग एक दिवस त्यांच्या गावचा माणूस दारात आला. कासमभाईंचा पाय मोडला होता, होडीत उभं राहता येत नव्हतं. घरात सहा तोंडं. "भाईने बोलावलंय का?" दर्याभाईंनी विचारलं. तो माणूस खाली बघत म्हणाला, "बोलावलं नाही. पण रोज वाटेकडे बघतो."

दर्याभाईंनी त्याच दिवशी ट्रंक भरली. चिंचवड स्टेशनवर बायकोने त्यांच्या हातात भाकरी आणि शेंगांच्या चटणीचं गाठोडं दिलं. गाडीत चढताना ते सोबतच्या त्या गाववाल्याला म्हणाले, "गाव आलं की तू पुढे होऊन भाईला सांग. मासे धरीन, घर चालवीन. पण पाकट आला तर जाळं कापीन. मंजूर नसेल तर दारातूनच मागे फिरीन." खिडकीतून त्यांनी आम्हाला हात केला. डोळे भरलेले होते, पण तोंडावर हसू होतं.

तीनेक वर्षांनी आम्ही दोघं त्यांच्या गावी गेलो. दर्याभाई होडी घेऊन बाहेर गेले होते. ओसरीवर एक पाय लांब करून एक दाढीवाले गृहस्थ भलंमोठं जाळं मांडीवर घेऊन बसले होते. जाळ्याला मधोमध माणूस जाईल एवढं भोक.

"कासमभाई ना?" मी विचारलं.

"हो. बसा, चहा सांगतो. दाऊद येईलच इतक्यात." त्यांनी सुई जाळ्यातून ओढली. माझी नजर त्या भोकावर खिळली होती. ते बघून म्हाताऱ्याने एक सुस्कारा टाकला.

"तो कापतो," कासमभाई म्हणाले, "मी शिवतो."