सत्तावीस चिंचोके

माझं नाव पहिलीत तीनदा घातलं आणि तीनदा कमी झालं. जून लागला की आबा, म्हणजे माझे वडील, मला गुरुजींपुढं उभं करायचे. दिवाळी झाली की आमची मेंढरं कोकणाच्या वाटेला लागायची आणि त्यांच्या मागं आख्खं घर निघायचं. घोड्यावर भांडी, भांड्यांवर खुराडं, खुराड्याशेजारी बांधलेली धाकटी बहीण. इंदापूरच्या आमच्या माळावर तेव्हा मेंढराच्या पोटाला लागेल इतका पालाही नव्हता, जावंच लागायचं. पावसाच्या तोंडावर परत येईपर्यंत माझं नाव हजेरीतून गेलेलं असायचं.

नऊ वर्षांचा झालो तेव्हा आबांनी मला पिंपळीला आत्याकडं ठेवलं. सहा वर्षांच्या पोरांत मी घोडा मागं भिंतीला टेकून बसायचो. गुरुजी मला पाव्हणं म्हणायचे. "काय पाव्हणं, औंदा मुक्काम किती?" वर्ग हसायचा. त्या हसण्याचा राग मी गिळला नाही. त्याच रागावर मॅट्रिक झालो, बारामतीला कॉलेज केलं, बी.ए. झालो. आमच्या घराण्यातला पहिला. हे मी छाती पुढं काढून सांगतो, कारण कुणी मला ते हातात आणून दिलेलं नाही.

कालव्याच्या कचेरीत नोकरी लागली. नव्वदचं दशक निम्मं सरत आलं असेल, तेव्हा इंदापूरहून बारामतीला बदली झाली आणि आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. पोरीला त्या जूनमध्ये सहा वर्षं पूर्ण होत होती. तोवर ती गावी आबांच्या मागं मागं फिरत वाढलेली. आबांनी कोकणात जाणं सोडलं होतं, रानात थोडा ऊस आला होता, पण थोडी मेंढरं त्यांनी ठेवलीच होती. माझ्या मनात एकच गोष्ट पक्की होती. पोरगी वेळेवर पहिलीत बसली पाहिजे. एक वर्षसुद्धा मागं नाही.

घरापासून हाकेच्या अंतरावर नगरपालिकेची शाळा होती. पण शेजारचे हेडक्लार्क म्हणाले, "तिथं घालणार? अहो, तुम्ही ग्रॅज्युएट माणूस!" झालं. ते एक वाक्य माझ्या डोक्यात शिरलं आणि मी गावातल्या नावाजलेल्या शाळेचा फॉर्म आणला. टाय, पट्टा, पांढरे मोजे. मुलांची परीक्षा आणि आईवडिलांची मुलाखत.

आदल्या दिवशी मी बायकोला बजावलं, "तू तिथं काही बोलू नकोस. मी बघतो."

"का? माज्या तोंडाला काय झालंय?"

"अगं, तसं नाही. ती शिकलेली माणसं असतात."

"आन मी म्हशीच्या पोटची," असं म्हणून ती भाकरी थापायला लागली. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. सही मी शिकवलेली.

मुलाखतीच्या खोलीत काचेखाली सरस्वतीचं चित्र असलेलं टेबल होतं. मॅडमनी पोरीपुढं वाटीभर चिंचोके ओतले आणि म्हणाल्या, "बाळ, हे मोज बरं. मोठ्यानं."

पोरीनं चिंचोके पुढं ओढले आणि दोन बोटांनी दोन-दोन सरकवायला लागली. मोठ्यानं नाही, ओठातल्या ओठात. दहा जोड्या झाल्या की एक चिंचोका त्यांच्या डोक्याशी ठेवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. मला लगेच कळलं. सकाळी वाघरीतून, म्हणजे जाळीच्या कुंपणातून, मेंढरं सोडताना आबा तोंडाशी उभे राहायचे. जोडी-जोडीनं मेंढरं पुढं काढायची, दहा जोड्या झाल्या की एक खडा खिशात. एक खडा म्हणजे एक वीस. आबांना शंभरापर्यंत आकडे म्हणता येत नाहीत, पण उभ्या जन्मात त्यांचं एक मेंढरू मोजणीत चुकलेलं नाही.

पोरीनं डोक्याशी ठेवलेला चिंचोका परत राशीत घेतला, उरलेले बघितले आणि म्हणाली, "एक ईस आन सात."

मॅडम माझ्याकडं बघत राहिल्या. "एक ईस? म्हणजे काय? बाळ, एक, दोन, तीन असं म्हण."

पोरगी वीसपर्यंत म्हणाली आणि थांबली. तिच्या हिशेबानं वीस झाले की खडा टाकायचा असतो. मॅडमनी फॉर्मवर लिहिलं, मला उलटं दिसलं तरी वाचता आलं, 'अंकज्ञान नाही.'

चिंचोके सत्तावीस होते. मी मनात मोजले होते. बोलायला पाहिजे होतं, आणि बोललोही. काय बोललो ते आज लिहितानासुद्धा कानशिलं तापतात. मी म्हणालो, "मॅडम, आजोबांकडं राहिली ना, म्हणून. ते मेंढरं मोजतात तसं शिकवलंय त्यांनी काहीतरी. मी मोडतो तिची सवय."

"मेंढरं!" मॅडम हसल्या. शेजारी बसलेले सरही हसले. तेच हसणं. पाव्हण्याला हसलेलं.

आणि मीही हसलो. बी.ए. झालेला मी, त्यांच्याबरोबर दात काढून हसलो.

बायको माझ्या शेजारी बसली होती. ती पुढं सरकली आणि टेबलावर बोट टेकून म्हणाली, "बाई, सत्तावीस हैत. तुमी मोजून बघा की."

मॅडमनी मोजले नाहीत. "घरी अभ्यास कोण घेणार, तुम्ही का?" असं तिला विचारून त्यांनी चिंचोके वाटीत भरले आणि पुढच्या पोराला हाक मारली.

वाटेत बायको पोरीचा हात धरून माझ्या पुढं चालली. घराचं कुलूप काढताना म्हणाली, "आबांची सवय मोडनार व्हय तुमी? आदी आबांनी गावावरनं धाडलेलं दान्याचं पोतं तरी परत पाटवा."

यादी लागली, नाव नव्हतं. कचेरीतल्या साहेबांनी चिठ्ठी दिली. चिठ्ठी खिशात घालून मी एकटाच पुन्हा त्या टेबलापुढं उभा राहिलो. मॅडमनी ती वाचली आणि चेहरा मऊ केला. "साहेबांचा शब्द आहे म्हणून घेऊ. पण पहिलीत नाही. एक वर्ष बालवर्गात बसवा. अशा घरातल्या मुलांना जरा वेळ लागतो."

"अशा म्हणजे कशा?"

"म्हणजे… तुम्हाला कळतंय मी काय म्हणते ते."

कळत होतं. चांगलं कळत होतं. माझी तीन वर्षं मेंढरांमागं गेली, त्याला पोटाचं कारण होतं. हिचं वर्ष कशाला जाणार होतं? बरोबर मोजलं म्हणून? मी टेबलावरची वाटी उचलली आणि चिंचोके ओतले. माझा आवाज बाहेर व्हरांड्यापर्यंत गेला असणार. "तुम्ही मोजा. आत्ता, माझ्यासमोर. माझी पोरगी चुकली असेल तर मी तिला बालवर्गातच काय, पाळण्यात बसवतो."

"हे बघा, तुम्ही शिकलेले दिसता…"

"शिकलेला आहे, म्हणूनच त्या दिवशी लाज वाटली मला. आता वाटत नाही. मोजा."

शिपाई आत आला. मी चिठ्ठी उचलून तिचे चार तुकडे केले. साहेबांनी पुढं वर्षभर माझी रजा अडवली. अडवू दे.

तिथून तसाच नगरपालिकेच्या शाळेत गेलो. फार काही चांगली शाळा होती असं मी म्हणणार नाही. पत्रे गळके, एका वर्गात साठ पोरं, बाईंचा आवाज बसलेला. मी आधीच तापलेला. "परीक्षा कधी असते?" विचारलं.

"कसली परीक्षा?" बाई म्हणाल्या. "वय झालंय न्हवं पोरीचं? मग आणा जूनमध्ये शाळा उघडली की. आणि हो, बसायला पोतं द्या तिच्याबरोबर."

जन्मतारीख मी स्वतः सांगितली, खरी. माझ्या दाखल्यावर गुरुजींनी अंदाजानं टाकलेली एक जून आहे.

मे महिन्याच्या शेवटी आबा आले. मुलाखतीचं सगळं बायकोनं त्यांना सांगितलं, माझं हसणंसुद्धा गाळलं नाही. मी मान खाली घालून चहा पीत होतो. आबांनी मुंडासं काढून मांडीवर ठेवलं आणि विचारलं, "त्या बाईनं सोता मोजलंच न्हाय?"

"न्हाय, आबा," बायको म्हणाली.

"मंग तिला कसं कळलं चुकलं म्हनून?"

मला एवढंही त्या दिवशी विचारता आलं नव्हतं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. च्या निवतोय तुजा." पुढं तो विषय त्यांनी कधी काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं. मॅडमवरचा राग माझा कधीच गेला नाही. स्वतःवरचा तर त्याहून नाही.

जूनमध्ये शाळेच्या पहिल्याच दिवशी पोरगी पोतं काखेत मारून पहिलीत बसली, सहाव्या वर्षी, वेळेवर. त्याच शाळेतून, एकदाही नाव कमी न होता, ती चौथी पास झाली. आमच्या घराण्यात एक वर्षसुद्धा मागं न पडता चौथी झालेलं ते पहिलं लेकरू.