घागरीतलं पाणी

सरलाच्या घरात माणसांपेक्षा पाण्याला जास्त मान होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कोलकात्याच्या बेहाला भागातला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, आणि दिवाणखान्याची अख्खी एक भिंत अडवून बसलेली काचेची टाकी. आत खारं पाणी, वर निळा दिवा आणि त्या उजेडात हलणारी जिवंत कोरलं, म्हणजे प्रवाळं. टाकी मुलाची, उन्मेषची. कॉलेजात असताना त्यानं ती हौसेनं मांडली आणि चार वर्षांपूर्वी नोकरीसाठी हॅम्बर्गला जाताना वडिलांच्या हवाली केली. आईच्या नाही. आईला त्यातलं काय कळतंय, यावर बापलेकांचं एकमत होतं. एरवी त्या दोघांचं कशावरही जमत नसे.

गुरुदत्तराव, म्हणजे सरलाचे यजमान, जवळच्या बजबज गावातल्या तेलडेपोच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. तीस वर्षं नमुने तपासले, मग घरी बसल्यावर तपासायला उरलं काय, तर पाणी. या टाकीला त्यांनी काय काय पाणी पाजून पाहिलं म्हणता! नळाचं घातलं, तर त्यातल्या क्लोरीननं आणि गंजक्या पाइपातल्या गाळानं आठवड्यात काचेवर तपकिरी साय धरली. सोसायटीच्या बोअरचं पाणी बादलीत तासभर ठेवलं की पिवळं पडायचं, इतकं त्यात लोखंड. एकदा तर उन्मेषच्या हट्टापायी दीघ्याहून समुद्राचं पाणी कॅन भरभरून आणलं. हावड्याहून टॅक्सी करून घरी पोचेपर्यंत त्याला असा वास सुटला की शेजारच्या बंगाली मावशींनी, मासीमांनी, दारात येऊन विचारलं, आज मासळी खराब निघाली का? शेवटी मोरीत गाळण्यांचं यंत्र बसलं. त्यातून ठिबकणारं पाणी इतकं कोरं, की मीटरवर तीन शून्यं यायची. त्यात विकतचं समुद्री मीठ मापानं मिसळलं की झाला घरचा समुद्र. तो मीटर म्हणजे पाण्यात किती क्षार विरघळलेत ते मोजणारी पेनाएवढी कांडी. गुरुदत्तराव ती खिशाला लावून हिंडायचे आणि लोकांच्या घरी गेले तरी पाण्याच्या पेल्यात बुडवायचे. सरलाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

दर रविवारी संध्याकाळी उन्मेषचा व्हिडिओ कॉल यायचा. तासभर चालायचा, पण तो टाकीचा. बाबांनी फोन काचेला लावून कोपरा न् कोपरा दाखवायचा, कोणतं कोरल किती फुललं, मीटर काय म्हणतो, सगळं साग्रसंगीत. मग शेवटी फोन सरलाकडे. "आई, बरी आहेस ना? जेवलीस? चल, ठेवतो." एवढंच. त्या दोन मिनिटांसाठी ही बाई दुपारपासून साडी बदलून बसायची. पोटच्या पोराशी बोलायला नटून बसावं लागतं, तेही घरातल्या घरात! पण ती कधी कुणाला बोलली नाही.

यंदा फेब्रुवारीत गुरुदत्तरावांच्या थोरल्या भावाचं पुण्यात हृदयाचं ऑपरेशन ठरलं आणि त्यांना तीन आठवडे जावं लागलं. सरलानं सोबत जाण्याचा प्रश्नच नव्हता, टाकीकडे कोण बघणार? जाताना त्यांनी पाच पानं लिहून भिंतीला चिकटवली. दिवे केव्हा, खाणं किती, पंप अडला तर काय. सरलाचं मुख्य काम वरचं पाणी घालायचं. आमटी उकळत ठेवली की आटते आणि खारट होते, तसंच हे. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. म्हणून रोज तीन लिटर कोरं पाणी वर घालायचं. तिला एका वाक्यात कळलं, पण यजमानांनी तीनदा सांगितलं.

आणि मग नवल घडलं. बाबा घरी नाहीत म्हटल्यावर उन्मेष आईला फोन करू लागला. रविवारीच नाही, रोज! त्याची जेवणाची सुट्टी आणि इकडची संध्याकाळ. पहिल्या दिवशी पाच मिनिटं टाकीचं बोलला. दुसऱ्या दिवशी टाकी झाल्यावर म्हणाला, "आई, इकडे इतकी थंडी आहे ना, वरणफळं खावीशी वाटतात. कशी करायची ग?" तिनं सांगितली. तिसऱ्या दिवशी त्यानं करून दाखवली, फळं जाड लाटलेली, पण सरलाच्या डोळ्यांना धारा लागल्या. मग त्याच्या खोकल्याचं निघालं, ऑफिसातल्या एका मुलीचं निघालं. कोलकात्यात वाढलेला पोरगा, त्याचं मराठी मध्येच अडायचं, मग तो बंगालीत शिरायचा, आणि ती शब्द पुरवायची. चार वर्षांत ऐकलं नव्हतं तेवढं तिनं चार दिवसांत ऐकलं.

"आई, एकच लक्षात ठेव," तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "ते पाणी एकदम शुद्ध राहायला पाहिजे."

आता शुद्ध पाणी म्हणजे काय, हे सरलाला जर्मनीहून शिकायचं नव्हतं. यंत्रातून ठिबकलेलं ते कोरं पाणी गुरुदत्तराव एका पांढऱ्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठवायचे. तिनं झाकण काढून वास घेतला, तर प्लास्टिकचा कुबट दर्प. शी! इतक्या सोवळ्याचं पाणी आणि ठेवायचं कशात, तर असल्या डबड्यात? तिच्याकडे कराडहून आलेली तांब्याची घागर होती, आईनं लग्नात दिलेली. तांब्यात रात्रभर राहिलेलं पाणी अमृतासारखं, हे तिच्या माहेरी शेंबडं पोरसुद्धा सांगेल. तिनं घागर माळ्यावरून काढली, चिंच-मीठ लावून लखलखीत घासली आणि रोजचं पाणी त्यात भरून ठेवू लागली. सकाळी मीटर बुडवून बघायची. तीन शून्यं. काय चुकलं तिचं, सांगा बरं?

सहाव्या दिवशी काच चाटत फिरणाऱ्या दोन गोगलगायी तळाला उलट्या पडलेल्या दिसल्या. सरलानं चहाच्या गाळण्यानं त्या काढल्या आणि तुळशीच्या कुंडीत पुरल्या. संध्याकाळी सांगायचं, असं मनाशी ठरवलं होतं. पण फोन आला तो उन्मेष हसतच. वरणफळं त्यानं ऑफिसात नेली होती, त्या मुलीनं दोनदा मागून घेतली होती. "गोगलगायी दिसतायत ना?" त्यानं मध्येच विचारलं. सरलाच्या तोंडून निघून गेलं, "हो, मागच्या बाजूला आहेत."

एकदा खोटं बोललं की त्याला पोसावं लागतं. नवव्या दिवशी कोळंबी दिसेनाशी झाली. बाराव्या दिवशी जांभळं कोरल मिटलं ते उघडलंच नाही. सरला घाबरली आणि जास्तच जपू लागली. पाणी कमी पडतंय म्हणून तीनाऐवजी चार लिटर घालू लागली, घागर रोज नव्यानं घासू लागली. फोनवर टाकीची फक्त डावी बाजू दाखवायची, तिथली कोरलं अजून बरी होती. तिला सगळं समजत होतं हो. पण सांगितलं की तो पुण्याला बाबांना फोन लावणार, मग बाबा आणि तो, तो आणि बाबा, आणि आपण पुन्हा रविवारची दोन मिनिटं. अजून एक दिवस, उद्या सांगू, असं करत तिनं तीन आठवडे पुरे केले. ते तिच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस होते, आणि समोर टाकी मरत होती.

गुरुदत्तराव परतले ते बूट काढायच्या आधीच टाकीपुढे उभे राहिले. कोरलांची पांढरी हाडं उरली होती. त्यांनी बॅग तिथेच टाकली, कपाटातून तपासणीच्या बाटल्या काढल्या, नळीत पाणी घेऊन थेंब टाकले. पाणी रंगलं. ते वळून म्हणाले, "वरचं पाणी कशात ठेवत होतीस?"

सरलानं स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं.

"तांबं!" त्यांनी नळी तिच्यापुढे धरली. "अगं, तांबं म्हणजे कोरलांना विष. कोरं पाणी तर तांबं दुप्पट खातं. कणभर पुरतं, मीटरला दिसतसुद्धा नाही. टाकी ठेवणारं लहान पोरही हे जाणतं!"

"मी कुठे टाकी ठेवणारी? पाच पानं लिहिलीत. त्यात हे लिहिलंत?"

"हे काय लिहायचं असतं? मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर सांगितलं असतंत? चार वर्षांत कधी जवळ उभं केलंत मला त्या टाकीच्या?"

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, पण तो मारुती एकटीनं घडवला नव्हता. गुरुदत्तरावांनी मुलाला स्पीकरवर फोन लावला.

उन्मेष सगळं ऐकून घेत गेला. तांब्याचं ऐकून तो चिडला नाही, उलट म्हणाला, "आईला कसं माहीत असणार." सरलाच्या जिवात जीव आला. मग त्यानं विचारलं, "पण आई, गोगलगायी मेल्या केव्हा?"

"सहाव्या दिवशी," सरला म्हणाली. आता तिला खोटं बोलवेना.

"सहाव्या दिवशी सांगितलं असतंस तर सगळी वाचली असती. मी रोज विचारत होतो, आई. आणि तू रोज मला खोटं सांगत होतीस?"

"सांगितलं असतं, तर तू मला फोन केला असतास का रे?"

"याचा इथे काय संबंध?" उन्मेष म्हणाला. त्याला खरंच कळलं नव्हतं, आणि तेच सरलाला जास्त लागलं.

महिन्याभरात टाकी धुऊन पुन्हा उभी राहिली. नवी कोरलं आली. उन्मेषनं तिकडून एक यंत्र मागवून दिलं, टाकीतलं पाणी उतरलं की ते आपोआप कोरं पाणी सोडतं, माणसानं हात लावायला नको. सोबत एक बारका कॅमेराही पाठवला. तो टाकीसमोरच्या कपाटावर बसवला, आता त्याला हॅम्बर्गमधून फोनवर केव्हाही टाकी दिसते. त्यामुळे रविवारचा कॉलही हळूहळू बंद पडला. बघायचं ते दिसतंय, मग फोन कशाला?

मागच्या रविवारी सरलानं दुपारी साडी बदलली. कशाला बदलली, ते तिचं तिलाच ठाऊक. गुरुदत्तराव सोफ्यावर पेपर वाचत बसले होते. ती टाकीकडे पाठ करून कॅमेऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. हसली नाही, हात हलवला नाही, नुसती उभी राहिली. कॅमेऱ्यावरचा हिरवा ठिपका लागला, म्हणजे तो बघत होता. पाच मिनिटं झाली असतील.

गुरुदत्तरावांचा फोन वाजला. त्यांनी चष्मा वर करून मेसेज वाचला.

"सरला," ते म्हणाले, "उन्मेष म्हणतोय, जरा बाजूला हो. कोरलं दिसत नाहीयेत."