मेन स्विच पाडताना

यूपीएसच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. कारण प्रत्येक काम शेवटी एकाच क्षणापाशी येतं: ग्राहकासमोर मेन स्विच पाडायचा आणि यूपीएस भार घेतो हे दाखवायचं. माझा पार्टनर खेडकर ही ट्रायल चालू मशीनवरच घेतो, नुसत्या बल्बवर नाही. त्याच्या या हट्टापायी माझं बीपी वाढलंय!

राइट टाउनच्या एका कोचिंगमध्ये दुसऱ्या दिवशी ऑनलाइन परीक्षा होती. सर घाबरले. "अच्छाखासा चालून राहिलं ना, मग बंद काहून करता?" खेडकरने स्विच पाडला. एकही स्क्रीन विझला नाही. सर मात्र डोळे घट्ट मिटून उभे. बऱ्याच वेळाने म्हणाले, "झालं का?"

अधारतालच्या लॅबमध्ये लाइट गेली की रक्त तपासायचं मशीन रीस्टार्ट व्हायचं, नमुने वाया जायचे. खेडकरने समजावलं, तुमचा यूपीएस ऑफलाइन आहे, लाइट गेल्यावर बॅटरीवर उडी मारतो; ऑनलाइन घ्या, त्यात उडीच नसते. उडीला वेळ किती लागतो? पापणी लवते त्याहून कमी. मग मशीनला कसं कळतं, डॉक्टरांनी विचारलं.

"त्याची पापणी लवत नाही, डॉक्टरसाहेब."

विजय नगरच्या ऑफिसात तर ट्रायलला यूपीएस लगेच बंद पडला. शोधलं, तर केबिनमधला हीटर यूपीएसच्याच लाइनवर! साहेब शांतपणे म्हणाले, "जानेवारीत बॅकअप कम्प्यूटरला पाहिजे का मला?"

आणि जोशीकाकू. शाळेतून रिटायर झालेल्या. काकांना रात्री श्वासाचं मशीन लावून झोपावं लागतं. झोपेत लाइट गेली तर, या धास्तीने दोघांचा डोळा लागत नव्हता. आम्ही ऑनलाइन यूपीएस बसवला. खेडकरने छातीठोकपणे दोन तासांचा बॅकअप सांगितला आणि सवयीप्रमाणे काकांना मास्क लावायला सांगितलं.

काकू मध्ये उभ्या राहिल्या. "यांच्यावर ट्रायल नाही. आधी तुम्ही."

खेडकर हसला. काकू हसल्या नाहीत. त्यांनी पाकिटातून नवा मास्क काढून त्याच्या हातात दिला. तो गुपचूप काकांच्या पलंगावर आडवा झाला. काका खुर्चीतून बघत होते. मी स्विचकडे हात नेला, तर काकूंनी मला बाजूला केलं आणि स्वतः स्विच पाडला.

पंखा थांबला. मशीनचा आवाज चालूच राहिला. खेडकरने अंगठा वर केला आणि मास्क काढायला हात नेला.

काकू स्टूल ओढून त्याच्या उशाशी बसल्या.

"दोन तास म्हणाले ना तुम्ही? पडून राहा, भैया."