ठिपक्यांपर्यंत

चीनमधल्या शिआंगथान शहरात सोयरीक घेऊन गेलं, की यजमान आधी सुपारी पुढे करतो. ती नाकारली तर बोलणी तिथंच खुंटतात. थान युएचिंगने तीस वर्षांत एकही नाकारली नव्हती. म्हणून तर तिने जुळवलेली लग्नं मोजता येत नाहीत, आणि म्हणूनच तिच्या गालात आतून कर्करोगाची गाठ आली. ती डॉक्टरांना दाखवायला गेली तेव्हा गाठ जबड्याला भिडली होती.

"मावशी, आत्ताच कापलं तर जबडाही जाईल," पंग डॉक्टर म्हणाले. "आधी केमोथेरपी आणि इम्युनोथेरपी एकत्र देऊ, तीन वेळा. गाठ आक्रसली की शस्त्रक्रिया."

"जबडा गेला तर बोलू कशी? माझं सगळं तोंडावर चालतं!"

"म्हणूनच हा खटाटोप." आणि त्यांनी गाठीभोवती शाईचे बारीक ठिपके गोंदले. गाठ मुळात कुठवर होती, ते पुढे कळायला हवं ना.

युएचिंगचे केस गेले, अन्न कडू लागलं. तिसऱ्या खेपेनंतर मात्र गाठच दिसेना. नवरा चांगफू हरखून गेला.

"अगं, आता काय हवा कापणार आहेत? राहू दे ते ऑपरेशन!"

तिलाही तेच हवं होतं. सुरीमुळे जीभ अडखळू लागली तर तिचा धंदाच संपला. तिने आरशात पाहिलं. गाल लख्ख, नुसते ठिपके.

"स्थळ बघायला मी पुढच्या दाराने कधी गेलेय का?" ती अखेर म्हणाली. "दिवाणखाना सगळेच झाडून ठेवतात. मी आधी स्वयंपाकघरात डोकावते. डॉक्टरांना सांगा, ठिपक्यांपर्यंत कापा."

काय बाई ही! भल्याभल्यांचा धीर सुटतो तिथे हिने स्वतःच्या तोंडालाही सवलत दिली नाही.

जबडा वाचला. गालाला मांडीची कातडी लावली. दहाव्या दिवशी पंग डॉक्टर अहवाल घेऊन आले. त्या लख्ख मांसात, एका ठिपक्याजवळ, तांदळाच्या दाण्याएवढा रोग जिवंत होता. आता तो पुरता निघाला होता.

चांगफू तोंड झाकून रडू लागला. युएचिंगने डॉक्टरांना खुणेने जवळ बोलावलं. ऑपरेशननंतर ती पहिल्यांदाच बोलणार होती. सुजलेल्या तोंडातून शब्द एकेक करून निघाले.

"लग्न... झालंय का... तुमचं?"

पंग डॉक्टरांचे कान लाल झाले. "नाही, मावशी."